विद्यार्थिनी आनंदीबाई

मराठी मनात डॉ. आनंदीबाई जोशी यांची प्रतिमा ठसली आहे ती पहिली स्त्री डॉक्टर म्हणून. पाठ्यपुस्तकांतले धडे, १९६८ साली प्रसिद्ध झालेली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, तिच्यावर आधारलेले नाटक आणि २०१९ मधला चित्रपट यांनी ती प्रतिमा घरोघरी पोहोचवली. एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. आनंदीबाईंना स्वतंत्रपणे वैद्यकीय व्यवसाय करायला मिळालाच नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या दोन तारखांमध्ये पुरते वर्षही भरत नाही आणि त्यातलाही बराच काळ आजारपणात आणि परतीच्या प्रवासात गेला. त्यांचे वैद्यकीय जीवन म्हणजे जवळजवळ सर्वस्वी त्यांचे विद्यार्थिजीवन होते. १८८३ च्या ऑक्टोबरपासून १८८६ च्या मार्चपर्यंतचा फिलाडेल्फियातला काळ हेच त्यांचे खरे कार्यक्षेत्र.

म्हणूनच आनंदीबाईंकडे डॉक्टर म्हणून पाहण्यापेक्षा वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून पाहणे अधिक न्यायाचे ठरेल. परक्या देशात, परक्या भाषेत, अशक्त शरीराने आणि अपुऱ्या पैशात एक अठरा वर्षांची मुलगी शरीररचनाशास्त्रापासून प्रसूतिशास्त्रापर्यंतचा अभ्यासक्रम पुरा करते, ते कशाच्या बळावर? आणि त्या बळाची किंमत तिला कोणत्या नाण्यात मोजावी लागली? हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायला हवेत. एकट्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले की निव्वळ गौरवगाथा तयार होते आणि दुसरा प्रश्न तिच्याखाली झाकला जातो.

उद्दिष्टाचा उगम

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी नऊ वर्षांची असताना तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट होता. स्त्रीशिक्षणाची चर्चा सभांमधून होत असली, तरी स्वतःच्या घरात ती अमलात आणण्याचे धाडस फारच थोडे लोक दाखवीत, असा तो काळ. गोपाळरावांनी ते धाडस दाखवले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या आणि त्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचे शिक्षण गावोगाव फिरत राहिले. मुंबईत मिशनच्या शाळेत पुस्तके घेऊन पायी जाणारी ब्राह्मणाची सून ही रस्त्यावरच्या लोकांना टिंगलीची वस्तू वाटे. लोक वाटेत थांबून पाहत, शेरे मारीत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मूल दहा दिवसच जगले. त्या काळात अशा घटनेला नशीब म्हणून मोकळे होण्याची रीत होती. आनंदीबाईंनी ते दुःख नशिबाच्या खात्यावर मांडले नाही. स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टरपुढे उभे राहण्याचा संकोच, स्त्री डॉक्टरांचा अभाव आणि त्यापायी जाणारे जीव यांची साखळी त्यांना दिसली. आपल्याला काय शिकायचे आहे आणि कोणासाठी, याचे उत्तर त्यांना येथे सापडले. पुढे अमेरिकेतल्या महाविद्यालयात प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी हेच सांगितले. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आपण आलो आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने येथवर पोहोचलो, तो निश्चय पुढच्या अभ्यासातही उपयोगी पडेल, असे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नमूद केले होते.

वैद्यकीय शिक्षण कष्टाचे असते. पाठांतर, शवविच्छेदन, परीक्षा, रुग्णालयातल्या फेऱ्या या चक्रात भल्याभल्यांना आपण हे कशासाठी करतो आहोत याचा विसर पडतो. आनंदीबाईंना तो पडण्याची शक्यताच नव्हती. त्यांचे उद्दिष्ट स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या एका मृत्यूतून आलेले होते.

सहा प्रश्नांची तयारी

अमेरिकेची वाट कशी उघडली, ती हकिगत मोठी विलक्षण आहे. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, ही सूचना उत्तरात आली आणि ती या दांपत्याला मान्य नव्हती. पण हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेली असताना आला. न पाहिलेल्या त्या मुलीला तिने पत्र लिहिले. पुढे दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला आणि आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या.

परदेशी जाण्याचा बेत जाहीर होताच बंगालमधल्या हिंदू समाजात आणि महाराष्ट्रातही टीकेची झोड उठली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कोलकात्याजवळच्या सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी या टीकेला इंग्रजी भाषणातून जाहीर उत्तर दिले. तेव्हा त्या अठराही वर्षांच्या नव्हत्या. त्या भाषणाची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते त्यांनी एकापाठोपाठ एक मांडले. अमेरिकेला कशासाठी जायचे? शिक्षणाची सोय हिंदुस्थानात नाही का? एकटीनेच का जायचे? परत आल्यावर जात वाळीत टाकील, त्याचे काय? परदेशात संकट ओढवले तर? आणि जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते मीच का करायचे?

या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे भावनेच्या भरात दिलेली नव्हती. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना दार उघडले होते, याची त्यांना कल्पना होती. तिथला अपवाद सोडला तर इतरत्र सुईणकामापुरतेच शिक्षण मिळते आणि शिकवणाऱ्यांची दृष्टीही संकुचित आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. पतीवर म्हाताऱ्या आईचा आणि धाकट्या भावांचा भार असल्याने एकटीने जाणे भाग आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. वाळीत टाकण्याच्या भीतीबाबत त्यांची भूमिका निर्भय होती. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. ज्यांना बहिष्कार घालायचा असेल त्यांनी तो आताच घालावा, अशा आशयाचे आव्हान त्यांनी दिले. संकटे घरी बसल्यानेही चुकत नाहीत आणि अडचणी जितक्या मोठ्या तितका प्रयत्न मोठा असावा, हे त्यांच्या पाचव्या उत्तराचे सार होते.

अडचण समोर आल्यावर धीर गोळा करणे आणि अडचण येण्याआधी तिचा नीट विचार करून ठेवणे यांत अंतर आहे. आनंदीबाईंनी दुसरी वाट निवडली होती. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांनी आपल्या मनाशी सगळे वाद घालून संपवले होते. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर कार्पेंटर मावशी त्यांना घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाचे महाविद्यालय

पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले. स्त्रियांना वैद्यकाची पूर्ण पदवी देणाऱ्या जगातल्या अगदी आरंभीच्या संस्थांपैकी ते एक. या संस्थेलाही झगडावे लागले होते. १८६९ मध्ये तिच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्णतपासणीची व्याख्याने ऐकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची टर उडवली होती. आनंदीबाई तेथे पोहोचल्या तेव्हा त्या घटनेला पुरती चौदा वर्षेही झाली नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर ज्या नजरा त्यांनी झेलल्या होत्या, तशाच नजरा झेललेल्या स्त्रिया येथे अध्यापिका म्हणून उभ्या होत्या. महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी या विद्यार्थिनीकडे विशेष लक्ष पुरवले. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये अभ्यास सुरू झाला.

तो काळ वैद्यकशास्त्रात उलथापालथीचा होता. रोग दूषित हवेने होतात ही जुनी समजूत मागे पडत होती आणि सूक्ष्म जंतूंचा सिद्धांत पुढे येत होता. लिस्टरने शस्त्रक्रियेतल्या जंतुनाशक पद्धतीविषयी लिहिले १८६७ मध्ये. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रवेशाच्या जेमतेम दीड वर्ष आधी. त्यामुळे त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना सरधोपट पाठांतर करून भागण्यासारखे नव्हते. काल शिकलेले आज तपासून पाहायचे आणि चुकीचे ठरले तर सोडून द्यायचे, ही सवय शास्त्रच त्यांना लावत होते. ज्या मुलीला मुळाक्षरांपासून इंग्रजीपर्यंतचा प्रवास गावोगाव बिऱ्हाडे बदलत करावा लागला, तिला नव्याने शिकण्याची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याला येत नाही म्हणजे आता येणारच नाही, असे त्यांनी कधी मानले नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली या दोघी आहेत. आनंदीबाई साडीत, ओकामी किमोनोत आणि इस्लामबुली आपल्या देशाच्या वेशात. तिघीही आपापल्या देशातून पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीसाठी निघालेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी होत्या. परदेशात एकटे पडलेल्या विद्यार्थ्याला आपल्यासारखेच कोणी भेटणे ही किती मोठी गोष्ट असते, हे त्या चित्राकडे पाहून समजते.

काय सोडायचे, काय धरायचे

आनंदीबाईंच्या विद्यार्थिजीवनातला एक तपशील किरकोळ वाटतो, पण तो बरेच काही सांगतो. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते प्रकृतीला झेपणारे नव्हते आणि तिथल्या समाजाच्या नजरेत सभ्यही मानले जात नव्हते. पाश्चात्त्य झगा घालणे त्यांना पसंत नव्हते. त्यांनी बराच विचार करून गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. अंग झाकले गेले, थंडी काहीशी अडली आणि वेशही आपल्या देशाचा राहिला. आहार मात्र शाकाहारीच राहिला आणि धर्मही बदलला नाही. प्रवासापासूनच मिशनरी मंडळींकडून धर्मांतराची अपेक्षा सूचित होत होती. आनंदीबाईंनी त्यांच्याशी वितुष्ट घेतले नाही आणि त्यांचे म्हणणे मानलेही नाही.

कोणत्या गोष्टीत वाकायचे आणि कोणत्या गोष्टीत नाही, याचा निवाडा ज्याला करता येतो तो परिस्थितीच्या वाऱ्यात मोडत नाही. सगळेच बदलणारा स्वतःला हरवतो आणि काहीच न बदलणारा टिकत नाही. आनंदीबाईंनी नेसण्याची पद्धत बदलली आणि सेरामपूरच्या सभेत दिलेला शब्दही पाळला.

त्यांचा प्रबंध याच वृत्तीचे फळ होता. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी निवडला. अमेरिकन पाठ्यपुस्तकांतले ज्ञान आणि संस्कृत ग्रंथांतली परंपरा अशी दोन्ही साधने त्यांनी त्यासाठी वापरली. जे शिकलो त्याचा आपल्या मातीशी सांधा जोडण्याचा हा प्रयत्न होता. ज्या विषयाने त्यांच्या आयुष्यातली पहिली जखम केली, तोच त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिकार्याचा विषय ठरला.

चिवटपणा आणि सोशिकपणा

येथवरची कथा प्रेरणेची आहे. पुढची अधिक अवघड आहे.

मराठीत चिवटपणा आणि सोशिकपणा असे दोन शब्द आहेत. ते जवळचे वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. चिवट माणूस ध्येय सोडत नाही. सोशिक माणूस त्रास सोडवून घेत नाही. आपल्याकडे स्त्रीच्या सोशिकपणाला फार मोठा मान मिळत आला. दुखणे अंगावर काढणारी सून ही चांगली सून. आनंदीबाईंच्या ठायी हे दोन्ही गुण होते आणि त्यांची गल्लत केली तर त्यांचे चरित्र चुकीचे वाचले जाईल.

गोपाळरावांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या आग्रहाविना आनंदीबाई शिकल्या नसत्या, हे खरेच. पण हा आग्रह अनेकदा क्रौर्यात उतरत असे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या दिवसांची आठवण काढली आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ही वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणे अवघड आहे, परिणाम पाहता ती योग्य म्हणावी लागेल, असाही विचार त्यांनी मांडला. पण त्याबरोबरच हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा अधिकारच नसतो, तिने मुकाट्याने सोसायचे असते, हेही त्यांनी लिहिले. वीसही वर्षांच्या नसलेल्या त्या मुलीने हजारो मैलांच्या अंतरावरून प्रथमच हा हिशेब कागदावर मांडला, याचे मोल मोठे आहे.

आज तो हिशेब आपण वेगळ्या तऱ्हेने मांडायला हवा. मार खाऊन आनंदीबाई घडल्या, असे म्हणणे ही त्यांच्या बुद्धीची आणि निश्चयाची अवहेलना होईल. मार खाणाऱ्या मुली त्या काळात घरोघरी होत्या, पण त्या सगळ्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या नाहीत. आनंदीबाईंच्या वाढीला खऱ्या अर्थाने खतपाणी मिळाले ते पतीने उघडून दिलेल्या पुस्तकांचे, कार्पेंटर मावशींच्या पत्रांचे आणि बॉडलीबाईंच्या विश्वासाचे. न दुखावता आधार देणारी माणसे त्यांना अमेरिकेत भेटली आणि त्यांचा आधार घेण्यात आनंदीबाईंनी कमीपणा मानला नाही. आपण एकट्याने सगळे निभावले पाहिजे, हा अहंकार त्यांच्यात नव्हता. रोझेलचे ते घर सुटीत त्यांचे माहेर झाले.

शरीराच्या बाबतीत मात्र सोशिकपणाने घात केला. अमेरिकेला निघण्यापूर्वीच त्यांना डोकेदुखी, ताप, धाप यांनी ग्रासले होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून पाठवलेल्या औषधांचाही गुण आला नव्हता. अशा अवस्थेत त्या निघाल्या. खोली गरम ठेवण्याची धड सोय नसलेली जागा, कडाक्याची थंडी, सवयीचे अन्न दुर्मीळ आणि अभ्यासाचा ताण. शिकत असतानाच त्यांना घटसर्प झाला. त्यावर उतारा ठरणारी लस-द्रव्ये वैद्यकाच्या हाती येण्यास तेव्हा आणखी काही वर्षे होती. त्यातून त्या बचावल्या, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. अभ्यास मात्र थांबला नाही. ठरलेल्या मुदतीत, वयाचे एकविसावे वर्ष पूर्ण होण्यास वीस दिवस असताना, त्यांनी पदवी घेतली.

त्या समारंभाला गोपाळराव उपस्थित होते. ते १८८५ मध्ये अमेरिकेत येऊन पोहोचले होते. इंग्लंडहून पंडिता रमाबाई खास आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची सूत्रे आनंदीबाईंना देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली. बॉस्टनच्या स्त्रिया व बालकांच्या रुग्णालयात अनुभव घेण्यासाठी त्या गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. स्वागत मोठे झाले. कोल्हापूरची खुर्ची मात्र रिकामीच राहिली. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभराचा अवधी असताना पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

क्षयाचा जंतू ठाऊक झाला होता, पण त्याला मारणारे औषध हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. तेव्हा आनंदीबाईंनी वेळीच विश्रांती घेतली असती तर त्या वाचल्या असत्या, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट खरी. त्यांच्या अवतीभवती सगळ्यांना पदवी दिसत होती आणि त्या पदवीमागे झिजणारे शरीर दुय्यम ठरत होते. इतरांच्या आरोग्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या आरोग्याचा हिशेब कोणी वेळेवर मांडला नाही.

आजचा विद्यार्थी

ही गोष्ट १८८६ सालीच संपली असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न इतका गंभीर झाला की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला त्यासाठी कृतिदल नेमावे लागले आणि त्या कृतिदलाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. सलग कामाचे तास, झोपेचा अभाव, वरिष्ठांकडून होणारा अपमान, अपयशाची लाज या गोष्टी वसतिगृहांत नव्या नाहीत. यावर अनेकदा दिला जाणारा सल्ला म्हणजे खंबीर व्हा, सोसायला शिका, आम्हीही असेच शिकलो. आनंदीबाईंचे नावही अशा वेळी सोयीस्करपणे घेतले जाते.

त्यांचे चरित्र नीट वाचले तर सल्ला वेगळा निघतो. आपण कोणासाठी शिकतो हे स्वतःच्या शब्दांत मांडून ठेवावे. येऊ घातलेल्या अडचणींची यादी आधीच करावी आणि उत्तरे शोधावीत. जे येत नाही ते शिकण्याची लाज बाळगू नये. गौण गोष्टींत वाकावे, मुख्य गोष्टींत नाही. घरापासून दूर असताना एखादी मावशी, एखादी बॉडलीबाई शोधावी आणि तिच्यापाशी मन मोकळे करावे. हे सगळे आनंदीबाईंनी केले आणि म्हणून त्या पदवीपर्यंत पोहोचल्या. एकच गोष्ट त्यांच्याकडून घेऊ नये. दुखणे अंगावर काढू नये. आणि शिकवणाऱ्यांनी ते काढायला लावू नये.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या विसावल्या आहेत. बॉडलीबाईंनी पंडिता रमाबाईंच्या १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यात आपल्या या विद्यार्थिनीची कहाणी जगापुढे ठेवली. काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले.  पदवीदानाला हजर राहिलेल्या रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले ते ११ मार्च १८८९ रोजी, त्या समारंभाला बरोबर तीन वर्षे होत असताना.

आणि त्याच वर्षी मुंबईची आणखी एक तरुणी वैद्यक शिकायला लंडनला गेली. बालपणी झालेला विवाह नाकारल्याबद्दल न्यायालयाने जिला नवऱ्याच्या घरी जा किंवा तुरुंगात जा असा निवाडा सुनावला होता, ती रखमाबाई. ती शिकली, परतली आणि सुरत व राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ तिने स्त्रियांवर उपचार केले. १९५५ मध्ये, वयाची नव्वदी गाठल्यानंतर, डॉ. रखमाबाईंचे निधन झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात जी खुर्ची आनंदीबाईंची वाट पाहत राहिली, त्या खुर्चीवरचे काम अखेर कोणीतरी आयुष्यभर केले होते.